नऊ अक्षरांची ओळ

आमची ताई सहावीला भाषा शिकवायची आणि मी पलीकडच्या वर्गात गणित. मध्ये भिंत कसली, लाकडी फळ्यांचं नुसतं नाटक. पोरांना अक्षर कळावं म्हणून ताईनं एक खूळ काढलं होतं. प्रत्येकानं तीन ओळींची कविता करायची. पहिली ओळ पाच अक्षरांची, मधली सात, शेवटची पाच. शब्द फोडून म्हणायचा, खि-ड-की, आणि दर अक्षराला बाकावर एक थाप. सगळी पोरं एकदम बाकं बडवायला लागली की इकडे माझा भागाकार बोंबलला. मी मधल्या सुट्टीत तिच्याशी भांडायचे. ती डब्यातून मान वर न करता म्हणायची, तुझी पोरंही मोजतात आणि माझीही मोजतात, मग रडतेस कशाला?

नियमाची मात्र भारी कडक. एक अक्षर जास्त झालं की वही परत. शब्द घालायला कुणालाही येतं, काढायला शिका, हे तिचं पालुपद. लग्न तिनं केलं नाही, मी नवरा गेल्यावर तिच्याकडेच राहायला आले, तर घरीही तेच. मी काही सांगताना जरा लांबण लावली की हिची बोटं ताटाच्या कडेवर वाजायला लागायची. असा संताप यायचा मला!

त्या वर्षी तिच्या वर्गात सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती गप्प म्हणून बसायची नाही. मग तिची आई आजारपणात गेली आणि रेडिओ बंद पडला. हजेरीलाही नुसता हात वर. ताईचा जीव तुटायचा. पोरगी एकदा बोलू दे, एवढंच तिच्या डोक्यात असायचं.

एके दिवशी मुलीनं आपणहून वही पुढे केली.

रिकामी खुर्ची
आई तिथे बसत असे
दार उघडं

ताईसमोर वह्यांचा ढीग होता. सवयीनं तिची बोटं टेबलावर वाजली. मधली ओळ नऊची झालीय, दोन अक्षरं काढ, असं म्हणून तिनं पुढची वही ओढली. थोड्या वेळानं मुलगी वही ठेवून गेली. तिनं बरोबर दोन अक्षरं खोडली होती. ‘आई’.

त्या दिवशी ताई घरी आली ती जेवलीच नाही. काय झालं ते खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुला माणसं दिसतात की नुसती अक्षरं? एरवी तिनं मला उभी सोलली असती. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “माझ्या सांगण्यावरून त्या लेकरानं आईला खोडलं गं. मी कसली शिकवणारी? सोडते आता हे सगळं.”

मी घाबरले. ताई शाळा सोडून काय करणार, हेच मला सुचेना. त्यात मुलगीही शाळेत यायची थांबली. शेवटी मीच ताईला धरून दुकानावर नेलं.

बाप चाकाच्या तारा ताणत होता. मुलगी कोपऱ्यात बेअरिंगचे तेलकट छर्रे फडक्यानं पुसत होती. ताई एका उपड्या खोक्यावर बसली आणि बापासमोर सरळ म्हणाली की माझं चुकलं. मग मुलीला म्हणाली, “तुझी ओळ नऊचीच राहू दे, बाळा. तुझ्यापुरता नियम नाही.”

मुलगी छर्रे पुसत राहिली. मला वाटलं, गेली ही खेप फुकट. मग तिचा आवाज आला, घोगरा, न वापरलेला.

“नको, बाई. सगळ्यांना सात, तर मलाही सात.”

ताई खोक्यावरून पुढे सरकली.

“शेजारचे, काकू, सगळे मला वेगळंच वागवतात,” मुलगी म्हणाली. “तुम्ही तरी नका ना.”

बापानं हातातलं चाक खाली ठेवलं आणि तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली. मी फळ्यावर उदाहरण अर्धं सोडून दारातून बघत होते. ती वही घेऊन उभी राहिली. ताईनं सवयीनं टेबलाकडे नेलेला हात मागे घेतला. वर्गात कुणीच थाप मारली नाही. मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

रिकामी खुर्ची
आईचीच आहे ती
बसू नका ना

मग तिनं वही मिटली आणि ताईकडे बघितलं.

“बरोबर आली का, बाई?”

ताईनं टेबलावर एकच थाप मारली, ‘हो’ एवढ्या एका अक्षराची.