बिनधुराची चूल

आम्ही नववीत असताना गुरुजी वर्गाला म्हणाले, गावातली एक अडचण तुम्हीच शोधा आणि तुम्हीच निस्तरा. मी मध्ये पडणार नाही. पोरांनी धूर निवडला. घरोघरी बायका चुलीपुढं खोकायच्या, त्यामुळं विषय चांगलाच होता. बिनधुराची चूल बांधायचं ठरलं आणि वर्गातल्या आम्हा दोघी मुलींना काम काय दिलं? शेण गोळा करा! जन्मात चुलीपुढं न बसलेले ते दीडशहाणे मात्र कुठल्याशा पत्रकातल्या चित्रावरून मापं काढत बसले.

पहिली चूल बांधायची ठरली ती माझ्याच आत्याकडं, उत्रोलीला. विंझरहून भोरच्या हायस्कुलात रोज येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आत्याकडं राहायचे. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला शिकू दिलं होतं ते केवळ तिच्या शब्दावर.

पोरांनी चूल बांधली झोकात. कुंभाराकडचे मातीचे नळ जोडून धूर थेट कौलांबाहेर काढला. तोंड मात्र चित्राबरहुकूम एवढंसं, आणि निखारे पुढं ओढायला जागाच नाही. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी केली की मगच फुगते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला पहिल्याच दिवशी ते दिसलं होतं. पण मी गप्प बसले. मुद्दाम! म्हटलं, पडू देत तोंडघशी.

तोंडघशी पडले ती मीच. घरात धूर नाही, पण भाकरी अशी चिवट की दातांनी ओढावी लागे. आत्याचे यजमान, ज्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात, दोन दिवस निमूट जेवले आणि तिसऱ्या दिवशी ताट सारून उठले. झालं, आत्या माझ्यावर कडाडली.

"शाळंत ह्येच शिकवत्यात व्हय गं? चांगली चूल मोडली माझी! निरोप धाडते तुझ्या बापाला, म्हनावं पोरीला घिऊन जा."

आणि निरोप खरंच गेला. माझं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी पोरांना म्हणाले, "चुलीचं तोंड फोडायला हवं."

"चित्रात तसं नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"चित्राला भाकरी लागत नाही. मामांना लागते!"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" फाडकन बोलून गेले खरी, पण मनातून लाज वाटली. माझ्या रुसण्यापायी आत्याचे हाल झाले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही तोंड फोडलं, पुढं निखाऱ्यांसाठी कट्टा घातला. ह्या खेपेला शेण पोरांनी कालवलं आणि सांगत मी होते. बरं वाटलं, खोटं का बोलू!

कट्टा वाळतो न वाळतो तोच आबा आले. आत्या भाकऱ्या करायला बसली. पहिलीच भाकरी टम्म फुगली, तशी दारातली पोरं ओरडली, जणू त्यांनीच थापली होती. आबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"ऱ्हाऊ दे पोरीला," आत्या म्हणाली. "रागाच्या भरात बोलले म्या."

आबा चुलीकडं बघत म्हणाले, "न्हाई आक्का, शिकली तेवढं लई झालं. आता घरी येऊन आईलाबी अशीच चूल बांधून दील."



"बांधते की," मी म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत. आत्ता माजी शाळा हाय."

आबांना मी कधी उलट बोलले नव्हते.   आबा तांब्यातलं पाणी प्यायले, आणि पटका बांधत म्हणाले, "बरं. सुट्टीत ये. तुज्या आईला तसं सांगतो."