करडीच्या पोटातलं

पडदा वर जातो. शर्यतीच्या मैदानामागचा तबेल्यांचा लांबलचक पट्टा. पत्र्याखाली अर्धे दरवाजे, त्यांवरून बाहेर डोकावणारी घोड्यांची तोंडं, भुशाचा आणि ओल्या कातड्याचा वास. मध्यभागी पालथ्या बादलीवर साठीची एक बाई घोडीचा पाय मांडीवर घेऊन खुरातली माती उकरते आहे आणि समोर उभ्या रेस क्लबच्या सेक्रेटरीशी भांडते आहे. भांडण तिथेच थांबवतो. आधी बाईंची ओळख.

अख्खा पट्टा तिला चाबूक म्हणायचा. हातात तिने चाबूक कधीच धरला नाही, जिभेवर भागत होतं. तोंडावर मात्र सगळे वहिनी म्हणत. नवरा गेल्यावर तबेल्याची वाटणी झाली, मधे विटांची भिंत आली आणि पलीकडच्या धाकट्या दिराशी तिने बोलणं टाकलं. अगदीच नड आली तर घोडीच्या मार्फत. "सांग गं तुझ्या चुलत्याला, नळ उघडा टाकून घोरत पडू नको म्हणावं." पलीकडून उत्तरही घोड्यालाच जायचं, "काकूला सांग बाबा, नळ तिचाच आहे." मी शेजारच्या खोलीत राहायचो. असले नाट्यप्रवेश मला रोज फुकटात मिळायचे.

आता भांडण जिच्यावरून, ती शर्यत. इथेच जन्मलेल्या तीन वर्षांच्या घोड्यांची. घोड्याला ती जन्मात एकदाच पळता येते. बक्षीस घसघशीत, पण ते कुणी शेटजी खिशातून काढत नाही. घोडी गाभण राहिली की मालकाने पोटातलं शिंगरू नोंदवायचं आणि पहिला हप्ता भरायचा. जन्मलं की दुसरा, दोन वर्षांचं झालं की तिसरा. एक चुकला तर शिंगरू बाद आणि भरलेलं बुडालं. म्हणजे जी शिंगरं लंगडी झाली, दगावली, विकली गेली, त्यांच्या मालकांच्या पैशातून जिंकणाऱ्याची थैली भरते. गरिबांचा जुगार म्हणा हवं तर, पण पत्ते उघडे होते. म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

पोटातल्याला नाव नसतं, म्हणून नोंद आईच्या नावाने होते. वहिनींच्या घोडीचं नाव करडी. नोंद 'करडीच्या पोटातलं'. करडी विताना गेली, शिंगरू वाचलं. वहिनींनी त्याला बाटलीने दूध पाजलं, पेंढ्यावर त्याच्या पाठीला पाठ लावून झोपल्या. नाव ठेवलं पोरकी. आणि मग सरळ माणूसच करील असा एक गाढवपणा त्यांनी केला. क्लबच्या कार्यालयात जाऊन करडी गेल्याचं आपण होऊन सांगून आल्या. कार्यालयाने घोडीला यादीतून काढलं, तिच्याबरोबर पोटातलंही काढलं. हप्ते मात्र घेत राहिले. "या वहिनी, बसा वहिनी" करत घेत राहिले!

हे वहिनींना कळलं शर्यतीच्या सकाळी.

"नियमच आहे, वहिनी." बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून सेक्रेटरी एका फळीवर उभा होता. "घोडी बाद झाली की तिच्या नावावरची नोंद बाद."

"मग ही कुणाच्या पोटातून आली? तुमच्या?"

"असं रागावू नका हो."

"रागावू नको तर काय, मुका घेऊ तुमचा?"

मी रंगभूमीवर पुष्कळ खलनायक पाहिले. मिशांना पीळ देणारे, गडगडाटी हसणारे. खऱ्याला मिशी नसते. तो हळू बोलतो, 'हो' लावून बोलतो आणि माणसाच्या गळ्यावर नियम ठेवतो. क्लबच्या कार्याध्यक्षांचा काळा घोडा त्याच शर्यतीत होता, आणि सरावात पोरकीने त्याला धूळ चारलेली पट्ट्यातल्या प्रत्येकाने पाहिली होती. तरी सगळे आपापल्या घोड्याची पाठ चोळत गप्प. मीही. आज लिहितानासुद्धा डोकं तापतं.

आणखी एक नियम होता. सहापेक्षा कमी घोडे उतरले तर शर्यत रद्द, जमलेला पैसा ज्याचा त्याला परत. पोरकीला वगळून घोडे बरोबर सहा होते. सहावा दिराचा.

भिंतीपलीकडे खोगिराच्या तंगाची बक्कल वाजली. दीर बाहेर आला. उतरवलेलं खोगीर त्याच्या खांद्यावर होतं.

"अहो, हे काय?" सेक्रेटरी फळीवरून चिखलात उतरला.

"घोड्याच्या पोटात दुखतंय."

"आत्ता तर उड्या मारत होता!"

"पोटातलं तुमच्या कार्यालयाला दिसत नाही साहेब, ते मघापासून ऐकतोच आहे." मग तो पोरकीकडे वळला. "पोरी, आईला सांग. तू पळालीस तर माझा पळेल."

त्याच्याही घोड्याला ही एकदाच मिळणारी संधी होती. वहिनींनी मान वर केली नाही. खुरातला हात तेवढा थांबला.

सेक्रेटरी कार्याध्यक्षांकडे धावला. मैदानात तिकिटं काढून माणसं बसली होती. त्यांना काय सांगणार? परतला तो बुटांवरचा चिखल विसरून.

"ठीक आहे. विशेष बाब म्हणून पळू दे हिला. फक्त नव्या नोंदणीची फी तेवढी भरा."

वहिनी उठल्या. खोगीर पोरकीच्या पाठीवर टाकलं, गुडघा टेकून तंग आवळला आणि सेक्रेटरीकडे न बघताच म्हणाल्या, "फी करडीकडून घ्या. मेल्यावरही तिच्याच नावाने घेत होतात ना?"