चेसिसमधलं मीठ

प्रेमानंद गाड्या चेहऱ्यावरून ओळखत नाही, पोटावरून ओळखतो. बुटीबोरीच्या हमरस्त्यालगत पत्र्याचं शेड, शेडमध्ये माणूस उभा राहील एवढा खड्डा, आणि त्या खड्ड्यात तीस वर्षांपासून हा माणूस मान वर करून उभा. गाडीच्या बुडाला गंज लागू नये म्हणून काळा लेप मारायचा, हे त्याचं काम. आधी धुणं, मग तारेच्या ब्रशनं घासणं, मग छोट्या हातोडीनं पुढून मागे ठोकत जाणं. लोखंड चांगलं असलं की टण्ण वाजतं.

एक गोष्ट मात्र फक्त तोच करायचा, आणि तिच्यासाठी गिऱ्हाइकं सावनेरहूनही येत. सगळी पिकअप ज्या दोन लांब पोकळ दांड्यांवर बसलेली असते, त्या चेसिसला खालून भोकं असतात. आपल्याकडे त्यांत काळा चिखल शिरतो, उन्हाळ्यात कुंभारीण माशी घर करते. प्रेमानंद एकेका भोकाला रबराचं बूच ठोकायचा आणि वरून लेप. बोट फिरवलं तरी कळू नये.

"एक भोक शोधून दाखव," तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "मग मले नावं ठेव."

चार वर्षांपूर्वी गावातलाच अमोल आणि त्याचा एक मित्र हिमाचलातून दोन जुन्या पिकअप घेऊन आले. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. या गाड्या दहा-बारा हिवाळे त्या मिठातून चाललेल्या. वरवर गंजाची नुसती पापडी होती. प्रेमानंदनं दोन्ही गाड्यांची ती खरवडली, बुचं ठोकली, दोन हात लेप दिला.

"आता दहा वर्षं खाली पाहू नको," त्यानं अमोलला सांगितलं.

अमोल आपल्या गाडीतून लंबी रोटी करणाऱ्या बायकांना लग्नघरी नेऊ-आणू लागला. सात बायका, रोटी भाजायला चुलीवर उलटे टाकायचे मटके, परातीत भिजवलेली कणीक. त्या सातांतली एक सिंधूताई, प्रेमानंदची बायको.

तुळशीची लग्नं झाली आणि हंगाम लागला. एके सकाळी सिंधूताई खाप्याच्या लग्नाला निघताना दारात थबकली.

"मेघाचे बाबा, त्या गाडीचं काहीतरी बिनसलं."

"काय बिनसलं?"

"कॅबिन अन् मागच्या डाल्याच्या मधात फट हाये ना, पावसाळाभर मी तिच्यात छत्री खोचून ठेवो. काल काढाले गेली तर निघेच ना. चिमटून बसली."

"छत्री फुगली असन."

"छत्री फुगते?"

"तू रोट्या पाह्य वं. लोखंड मी पाहतो."

कोपऱ्यावर अमोलचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

दुपारी दीडच्या सुमारास नत्थूजी आपली जुनी जीप घेऊन शेडवर आले. फौजेत वीस वर्षं बर्फात ट्रक चालवलेले गृहस्थ. खड्ड्यावर दुसऱ्याची गाडी होती; शेडवर पहिल्यांदाच आलेले ते काठाशी बसून काम बघू लागले.

"हे काय ठोकून राहिला गा?"

"बूच."

"काहून?"

"माती जाऊ नये."

"अन् पाणी?"

"पाणी जातच नाही ना मग."

"वरून जाते, प्रेमानंद. जोडातून जाते, बोल्टाच्या बाजूनं जाते. हे भोकं पाणी बाहेर काढासाठी असतात. तिकडं आम्ही पयले काडी घेऊन हे मोकळे करो, मग धुवो. मीठ आत राहिलं अन् वाट बंद झाली, का आतून खाते. बाहेरून गाडी नवरीसारखी दिसते."

प्रेमानंदचा हात वरच राहिला. हातोडीवरून लेपाचा एक थेंब त्याच्या गालावर पडला. त्यानं तो पुसला नाही.

"इथल्या गाडीले एवढं होत नाही," नत्थूजी पुढे बोलत होते. "बर्फातली गाडी बुजवली नाही ना तू?"

प्रेमानंदनं अमोलला फोन लावला. मागे सनई, भांड्यांचा आवाज.

"अमोल, बायांले त्या गाडीत बसवू नको."

"काहून गा भाऊ?"

"चेसिस सडली असन."

अमोल हसला. "तुम्हीच तर म्हणाले होते, दहा वर्षं पाहू नको. आता चारच झाले. गाडी मस्त चालून राहिली. चारले निघतो आम्ही."

फोन बंद. त्याचाच शब्द त्याला परत मिळाला होता.

नत्थूजींच्या जीपमधून दोघं निघाले. रस्ताभर प्रेमानंद हातोडी मांडीवर धरून बसला होता. नागपूर मागे पडलं, सावनेर आलं. त्याला सारखी छत्री आठवत होती. गाडी मधून खचली की वरची फट मिटते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? सकाळी बायकोनं तेच सांगितलं होतं.

खाप्याला पोचले तेव्हा मांडवामागे बायका मटके डाल्यात चढवत होत्या. दोघी वर बसल्याही होत्या. फटीत छत्रीची मूठ तशीच अडकलेली.

"उतरा वं खाली," प्रेमानंद म्हणाला आणि कोणाला न विचारता गाडीखाली शिरला.

"पाहा, आमच्या लग्नात हे बिनबोलावता आले," एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. सिंधूताई हसली नाही.

पुढून ठोकायला सुरुवात. टण्ण. टण्ण. कॅबिनच्या मागे आला आणि आवाज बदलला. थप. ओल्या भिंतीवर हात मारावा तसा.

"पाहून राहिले का घाबरवून राहिले?" अमोल वाकून म्हणाला.

प्रेमानंदनं पेचकसानं एक बूच उचकटलं. चहाच्या रंगाच्या पाण्याची धार लागली. पावसाळा संपून महिना झाला होता, आणि धार थांबत नव्हती. त्यानं बोट भिजवून जिभेला लावलं. खारट.

मग त्यानं हातोडी जरा जोरानं मारली. ती आत गेली. काळ्या चकचकीत लेपाखाली लोखंड उरलंच नव्हतं, पापडाइतका पातळ पापुद्रा होता. अमोलनं त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि तो खाली मातीत बसला.

सिंधूताईनं वाकून नवऱ्याकडे पाहिलं.

"हे बूच तुमचंच ना?"

"माझंच."

ती सरळ झाली. "चला वं. मटके उतरवा. एस्टीनं जाऊ."

बायका गेल्यावर प्रेमानंदनं उरलेली बुचं काढली. मग विचारलं, "अमोल, दुसरी गाडी कुठं हाये? तुझ्या मित्राची?"

"त्यानं तर विकली गा, मागच्या साली."

"कोणाले?"

"त्यालेच ठाऊक. तो आता गुजरातले राहते. नंबर लागत नाही त्याचा."

परतताना नत्थूजी हळू चालवत होते. समोरून पिकअप येत होत्या. एकीत कापूस वेचून परतणाऱ्या बाया, दुसरीत वऱ्हाड. प्रेमानंद मान वाकवून प्रत्येकीच्या पोटाकडे पाहत होता. कित्येक काळीभोर होती, उतरत्या उन्हात चकाकणारी. भोक एकाही पोटाला दिसत नव्हतं.