श्रावणातला रुसवा

आमच्या घरात श्रावण तिघं पाळतात. मी मनापासून, आमचे हे माझ्या धाकाने आणि कुत्रा रागारागाने.

हे उरणच्या बंदरात नोकरीला होते, मी पनवेलला शाळेत शिकवत होते. दोघंही निवृत्त झालो, पण माझा शाळेतला आवाज काही निवृत्त झाला नाही, असं हे सगळ्यांना सांगत फिरतात. घर विचुंब्यात. शेतं गेली, तिथे टॉवर आले, आणि त्यांच्या मधोमध आमचं बैठं घर तेवढं राहिलं. मागे पत्र्याची पडवी, पडवीत जुनी चूल. बारा वर्षांपूर्वी समोरच्या बांधकामाच्या रेतीवर हे पिल्लू कुईकुई करत होतं. ह्यांनी ते लुंगीत गुंडाळून आणलं आणि म्हणाले, "आजचा दिस ठेवू, उद्या बघू." तो उद्या अजून उजाडायचाय.

आता त्याचं तोंड पांढरं झालंय, मागचा एक पाय धरतो. आम्ही त्याला म्हाताराच म्हणतो. जेवायची जागा ठरलेली, स्वयंपाकघराचा उंबरा. ह्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय हा आपल्या ताटलीला तोंड लावत नाही. भातावर मासळीचं पाणी किंवा भाकरीत कुस्करलेली सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, असं त्याचं जेवण. आगऱ्याच्या घरातला कुत्रा तो, आणखी काय खाणार?

श्रावण लागला की मात्र घरात मासळी नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा माझा नेम. सुकटीचा डबासुद्धा मी महिनाभर जावेकडे ठेवायला देते. मग म्हातारा रुसतो. ताटलीतला वरणभात हुंगतो, माझ्याकडे बघतो, फुस्स करून नाकातून हवा सोडतो आणि पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. दोन-तीन दिवस हा तमाशा चालतो. मग भूक जिंकते आणि तो वरणभात असा खातो, जणू माझ्यावर उपकार. शेजारीपाजारी दरवर्षी विचारतात, "काय बाई, म्हाताऱ्याचा उपास सुरू झाला का?" सगळ्या आळीला ठाऊक आहे.

श्रावणाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गटारी. त्या दिवशी महिनाभराचं मटण एका बैठकीत खायचं, अशी सगळ्यांची समजूत दिसते. गेल्या वर्षीही दीर, जावा, त्यांची मुलं, सुना, सगळे आमच्याकडे. मटणाचं पातेलं चुलीवर, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. म्हातारा एकेकाच्या पायाशी जाऊन बसत होता आणि एकेक जण त्याला काहीतरी टाकत होता. कोणाचा हाडाचा तुकडा, कोणाची रश्शात बुडवलेली भाकरी. आणि मी? मी तर ताटातली चरबी वेगळी काढून, वाटीभर, माझ्या हाताने त्याला भरवली. "खा रे बाबा, आता महिनाभर मिळायचं नाही," असं म्हणत होते मी. शेपूट अशी हलवत होता की पडवीतली बादली पडली.

दुसऱ्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशीही नाही. एकदा उलटी केली, पिवळी, तर मी म्हटलं, कालपरवाचं मटण निघतंय, बरंच झालं. चौथ्या दिवशी सोमवार होता. मी देवासमोर पोथी वाचत होते आणि हा येऊन मागे उभा राहिला. बघते तर पुढचे दोन्ही पाय लांब पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. अगदी देवाला नमस्कार घातल्यासारखा! मी ह्यांना हाक मारली. हे पोट धरून हसले. "अगं, याला तुझ्यापेक्षा जास्त पुण्य लागणार हाय." मी लगेच मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमचा भक्त. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. पुढचे दोन-तीन दिवस तो असे नमस्कार घालतच होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

सातव्या दिवशी दुपारी हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात कागदाची पुडी. चेहरा असा की शाळेत खिडकीची काच फोडून आलेली पोरं आठवली.

"ओरडू नको," म्हणाले. "मी त्याला सुकट दिली. पडवीच्या मागं."

"श्रावणात? माझ्या घरात?" माझा आवाज चढलाच.

"घरात नाय, मागं. पण ऐक तरी. त्यानं खाल्ली नाय. वास घेतला नि तोंड फिरवलं."

माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. सुकटीला तोंड फिरवलं? मग हा रुसवा कसला? पडवीत जाऊन बघितलं तर म्हातारा भिंतीला पाठ लावून पडला होता. हाताखाली बरगड्या लागल्या. बारीक झाला होता आणि सात दिवस मी त्याच्यासमोरून ये-जा करत होते. हे रिक्षा आणायला धावले. मी त्याला माझ्या जुन्या शालीत गुंडाळला.

नवीन पनवेलमध्ये जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी त्याचं पोट दाबलं तर तो कण्हला. तो कधी कण्हत नाही. "किती दिवस खात नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, श्रावण लागल्यापासून. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी सगळं सांगितलं, दरवर्षीचा रुसवा, उपास. आणि माझी अक्कल बघा, हा किती शहाणा आहे ते त्यांना कळावं म्हणून मी मोबाईल काढून तो नमस्काराचा व्हिडिओ दाखवला.

त्या हसल्या नाहीत. व्हिडिओ पुन्हा लावून बघितला आणि मोबाईल माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "काकू, हा नमस्कार नाही. पोटात फार दुखलं की कुत्री अशी उभी राहतात. त्यांना जरा बरं वाटतं."

काय सांगू, कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. तो दुखतंय म्हणून माझ्यामागे येऊन उभा राहिला होता आणि मी त्याचा व्हिडिओ काढत होते.

रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज आली होती. एकदम फार चरबी पोटात गेली की होतं असं, त्या म्हणाल्या. "त्याआधी काय खाल्लं होतं?" मीच सांगितलं, गटारीची वाटी मी भरवली. सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

तीन दिवस सकाळी न्यायचं, संध्याकाळपर्यंत सलाईन, मग घरी आणायचं. उलट्या थांबल्या. दुखणंही उतरलं असावं, नमस्कार थांबले. पण तो खाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाने माझं काम झालंय. आता त्याने खायला हवं. या वयात असाच उपाशी राहिला तर मी काही सांगू शकत नाही. कोंबडीचं नुसतं उकडलेलं मांस, कातडी काढून, तेल-मीठ काही नको, मऊ भातात कालवून. चमचा चमचा का होईना."

कोंबडी. श्रावणात. हे माझ्याकडे बघायला घाबरत होते. मी म्हटलं, "बघताय काय, आणा."

पण शिजवली ती पडवीतल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि आंघोळ करून मग घरात आले. इतक्या वर्षांचा नेम असा एका दिवसात कुठे सुटतो? ताटली पडवीतच त्याच्यासमोर ठेवली. त्याने डोळे उघडले, ताटलीकडे बघितलं, मिटले. बोटाने भरवायला गेले तर मान वळवली. दुसऱ्या दिवशी तेच. मी रागावले, विनवण्या केल्या, "तुझ्या पाया पडते रे" म्हटलं. हे नुसते शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी ताटली तशीच परत आली तेव्हा हे म्हणाले, "तो हितं कदी जेवलाय का? त्याची जागा आत हाय."

"आत नाही," मी म्हटलं.

ह्यांनी उठून त्याच्यावरची शाल सारखी केली. इतके हळू की मलाच रडू आलं. कसला नेम घेऊन बसले होते मी? ज्याच्या पोटात माझ्या हातची चरबी गेली होती तो बाहेर उपाशी पडला होता आणि मी स्वयंपाकघर सांभाळत होते. मला माझीच लाज वाटली.

त्याला उचलून आणायला दोघं लागलो. आणून उंबऱ्यापाशी ठेवला. ताटली गरम करून आणली, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवर. ह्यांना म्हटलं, "बसा. तुम्ही जेवल्याशिवाय तो जेवत नाही." भर चार वाजता हे आपले पाटावर बसले. मी त्यांना भात वाढला. त्यांनी घास तोंडात घातला आणि म्हाताऱ्याकडे बघत चावत राहिले. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, कुठल्या तोंडाने घेणार होते?

म्हाताऱ्याने मान उचलली. ताटली हुंगली. जीभ बाहेर आली, एकदाच, आणि भाताचं पाणी चाटलं. मग थांबला. मग पुन्हा. दोन चमचे गेले असतील पोटात. ह्यांच्या तोंडातला घास तसाच होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "चावा हो," मी म्हटलं, "तो तुमच्याकडे बघतोय."

त्या श्रावणात आमच्या घरात रोज कोंबडी शिजली. जावेने विचारलं, आता नेमाचं काय? मी म्हटलं, देवाला काय सांगायचं ते मी सांगीन, तू सुकटीचा डबा सांभाळ.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. यंदाच्या गटारीला मी पाहुण्यांचं मटण शाळेतली पट्टी हातात घेऊन वाढलं. म्हाताऱ्याला कोणी कणभर टाकलेलं दिसलं तर बोटांवर देईन, असं सांगून ठेवलं होतं, आणि एका दिराला दिलीही. श्रावण लागला. म्हातारा ठणठणीत होता, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारून भातात उकडलेला लाल भोपळा आणि थोडं दही कालवलं. पहिल्या सोमवारी ताटली उंबऱ्यापाशी ठेवली. ह्यांनी पहिला घास घेतला. म्हाताऱ्याने ताटली हुंगली आणि पडवीत निघून गेला.

ह्यांना जेवूही दिलं नाही, ताटावरून उठवलं. रिक्षात मी त्याचं पोट चाचपत होते, डोळे बघत होते. "लगेच आणलाय, या वेळी लगेच आणलाय," असं मी दवाखान्याच्या दारातूनच सांगायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. तो कण्हला नाही. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. निकाल येईपर्यंत मी बाकावर बसून होते, हे उभे होते, आणि म्हातारा आमच्या दोघांकडेही बघत नव्हता.

त्या कागद घेऊन बाहेर आल्या. हसत होत्या.

"काकू, काहीही झालेलं नाही. अगदी छान आहे. रुसलाय तो."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. बाजूला मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, आमचं काहीतरी वाईट झालं.

येताना मी रिक्षा मासळी बाजाराकडे घ्यायला लावली. श्रावणी सोमवार, बाजार ओस, दोन-तीन जणीच बसल्या होत्या. माझी नेहमीची कोळीण मला बघून म्हणाली, "बाय, आज तुमी? सोमवार हाय नं?"

"हाय," मी म्हटलं. "ताजे बोंबील दे. मऊ बघून दे, दात पडलेत त्याचे."

बोंबील उकडले, मधला काटा काढला, भातात कालवले. ह्यांनी अर्धवट राहिलेलं जेवण पुन्हा सुरू केलं. म्हाताऱ्याने ताटली चाटूनपुसून साफ केली आणि मग माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला. राग गेलेला नव्हता.

"बघ, अजून रुसलाय," हे म्हणाले.

"रुसू दे," मी म्हटलं. "रोज रुसू दे."