फडकंवालीची जागा

सेलूच्या रस्त्याला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात, वायुदलातून रिटायर झालेल्या एका मिस्त्रीनं म्युझियम काढलंय. मोडकी विमानं आणतो, ठोकतो, रंगवतो. माझी बायको जाऊन तीन महिने झालते. लेक म्हणली, "आबा, चला, तेवढंच मन रमंल." गेलो.

दारातच पिवळं विमान. बघताच वळखलं. कापसावर औषध मारायचं. आमच्या शिवारात आलतं तवा बायको नवी नवरी होती. कुठवर फवारलं हे वरून पायलटला दिसावं म्हणून शेताच्या टोकाला माणूस उभा करायचे, वेळूच्या काठीला पांढरं फडकं बांधून. विमान डोक्यावरून गेलं की सोळा पावलं बाजूला सरकायचं, पुन्हा काठी वर. ते काम बायकोनं केलं. सगळं औषध अंगावर. पदरानं तोंड पुसायची आन् पावलं मोजायची. घरी आली की लुगड्याला असा वास, बैल सुदिक मागं सरायचे.

आता त्याच विमानाला चकाकी. फवाऱ्याच्या नळ्या काढून टाकल्याल्या. "घाण दिसत होत्या, मामा," मिस्त्री म्हणला. "टाकी तर अशी धुतलीय, पाणी भरून प्या."

"मग पी की तू."

हसला. प्याला न्हाई.

पोरीबाळी पंखाला टेकून, ओठांचे चंबू करून फोटो काढायलेल्या. मी बाजूच्या पाटीकडं वळलो.

मला जोडाक्षरं जड जातात, म्हणून पाटी लेकीनं वाचली. पायलटचं कौतुक, इंजिनाचं कौतुक, रंग कुठून आणला ते बी. खाली उभ्या माणसाचा एक शब्द न्हाई.

"फडकंवाली लिव्ह," मी मिस्त्रीला म्हणलं.

"तिचा काई फोटो, कागद हाय का?"

"कागद! नवरा हाय मी तिचा. औषधानं मेली म्हणत न्हाई, डाक्टर म्हणला वय झालं. पर उभी होती, एवढं तर लिव्ह."

"बघू, मामा."

बघू म्हणजे न्हाई. एवढं मला तलाठ्यानं शिकवलंय.

मग विमानाच्या पोटापासून बाजूला सोळा पावलं मोजली. शेडाच्या बाहेर आलो. नेमकी तिथं मिस्त्रीची मोटारसायकल. ढकलली. पडली. हातातली काठी टेकून उभा राहिलो.

"आबा, लोक बघायलेत," लेक म्हणली.

"बघू दे. तवा कुणी बघितलं न्हाई."

मिस्त्री पळत आला. "मामा, डोकं फिरलं का? ही माझी गाडी लावायची जागा हाय!"

"उचल गाडी," म्हणलं. "पर हितं लावू नको. हितं माणूस हाय."