दुपट्ट्याखालचा हात

आमच्या नेरच्या बैलबाजारात जुने लोक भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत समोरच्याची जितकी बोटं धराल तितका तुमचा भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. सौदा तुटेपर्यंत किंवा जुळेपर्यंत दुपट्टा उचलायचा नाही, हा कायदा. तो मोडणाऱ्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यावर माझा अजून राग आहे. त्याने माझा जीव वाचवला, हे मान्य करूनही.

मी तांड्यातला. पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, मी दुसऱ्यांचे बैल हाकले आणि मग स्वतःच्या जोरावर शेत केलं, घर केलं, ट्रॅक्टर घेतला. तरी बैलजोडी लागतेच. ट्रॅक्टरच्या दुकानात घासाघिशीला मजा नाही. माझी एक खास युक्ती होती. गाडं अडलं की डोकं धरून खाली बसायचं, चक्कर आल्यासारखं करायचं. समोरचा घाबरून एक बोट उतरायचा. पुढे पुढे हे सोंग अख्ख्या बाजाराला पाठ झालं, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या दुपारी एका पांढऱ्या जोडीवर मी तीन बोटांवर अडलो होतो आणि तो व्यापारी चारवर. त्याला सगळे चाचा म्हणतात. मी पुन्हा तीन बोटं धरायला गेलो, तर एकही धरता येईना. शिवी द्यायला तोंड उघडलं, तर तीही निघेना. मी खाली बसलो.

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, शेठचं सुरू झालं, उतरवा चाचा एक बोट. माझं तोंड वाकडं झालेलं पाहून तर दाद मिळाली. सोंगात नवी भर पडली होती.

चाचांनी दुपट्टा ओढून काढला. माझा उजवा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता, आणि तो सगळ्या बाजाराने पाहिला.

"हासता काहून?" चाचा म्हणाले. "वीस वर्षं याचं सोंग पाहून राह्यलो मी. सोंगातही याचा हात लोभी राह्यते. आज ढिला पडला."

कोणी आणलेला चहा त्यांनी परत पाठवला आणि मला गाडीत घालून यवतमाळला नेलं. तिथे डोक्याचा फोटो निघाला, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूची मोठी नस बंद आहे, नुसत्या इंजेक्शनने उघडेलच असं नाही. नागपूरला गुठळी ओढून काढतात, लगेच न्या. इंजेक्शन देण्याआधीच त्यांनी विचारलं होतं, हे नक्की कधीपर्यंत धडधाकट होते? मागोमाग पोचलेल्या माझ्या बायकोला काय माहीत! चाचा म्हणाले, "दुपारची अजान चालू होती, तवा यानं माही तीन बोटं कचकून धरली होती. अजान सरली अन् हात गेला."

नागपूरला जांघेतल्या नसेतून नळी मेंदूपर्यंत नेली आणि तारेच्या जाळीत धरून गुठळी बाहेर ओढली. मी जागाच होतो. डॉक्टरांनी आपली बोटं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, दाबा. मी दाबली. म्हणाले, आणखी. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने वाढवा म्हटलं आणि मी मुकाट्याने वाढवलं. मग त्यांनी गुठळी दाखवली. तुरीच्या डाळीएवढी! एवढ्याशा मालासाठी नागपूर.

बोलणं हळूहळू परतलं, शिव्या आधी. पकड मात्र रेंगाळली. दोन महिने मी बायकोची बोटं धरून सराव केला, तिची बोटं दुखेपर्यंत. मग बाजारात गेलो. पांढरी जोडी विकली गेली होती. मी चाचांना सुनावलं: दुपट्टा उचललात, माझा हात गावाला दाखवलात, वर जोडीही दुसऱ्याला दिलीत.

त्यांनी एका तांबड्या जोडीपुढे दुपट्टा टाकला. चार बोटं धरली. मी तीन धरली. ते लगेच तीनवर आले.

माझं डोकंच फिरलं. "चाचा, मले रोगी समजून राह्यले काय?"

"नाही. तुही पकड पाह्याची होती."

"आली का?"

"आली. आता चार."

मी डोकं धरून खाली बसलो. या वेळी कोणी हसलं नाही. दोघा-तिघांनी मोबाइल काढले, एक जण गाडी आणायला धावला. चाचा तेवढे जागचे हलले नाहीत. दुपट्ट्याखाली माझा हात चाचपून ते म्हणाले, "बसू द्या त्याले. हात लोभी आहे."