खालच्या ओळी

गेल्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या थोरल्या बहिणीवर, मीनाताईवर, अन्याय झाला. तिला ऐकू येत नाही. यंत्रमानवांचा तो जुना जपानी ॲनिमेशनपट तिचा फार लाडका, कारण घरात जपानी कुणालाच कळत नसे आणि पडद्यावर येणाऱ्या भाषांतराच्या खालच्या ओळी सगळ्यांनाच वाचाव्या लागत. तेवढा वेळ आम्ही तिच्या बरोबरीचे असायचो.

त्याच चित्रपटाच्या, त्या दिवशी लावलेल्या नव्या डिस्कवर चित्र लख्ख आहे, संवाद हिंदीत आहेत आणि ओळी काढून टाकल्या आहेत. बाबा खूश झाले, "चला, आता चष्मा शोधायला नको!" पुढे यंत्रमानवाच्या बोलण्यावर आम्ही हसत होतो, ताई आमच्या तोंडांकडे बघत होती. तिने खुणेनं विचारलं, "काय म्हणाला?"

"नंतर सांगते," मी हात हलवला. जन्मभर तिला हे 'नंतर'च मिळालंय.

परीक्षणांत या डिस्कला पाच तारे आहेत. तुम्हीही तारे देणार असाल, तर आधी आवाज बंद करा आणि शेवटपर्यंत बघा.